शेवटी येईल तो पाणी भरील

उत्तनमध्ये माती करावी तर ती ह्युबर्टकाकांनीच! हे दुसरं कोणी म्हणत नसे, ह्युबर्टकाका स्वतःच म्हणत. पण असे छातीठोकपणे म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या हातून पोचलो नाही तर आपलं मरण फुकट गेलं!

"अर्धा गाव मी पोचवलाय," ते सांगत. "अजून एकाची पण तक्रार आली न्हाय!"

पेटी किती फुटी लागेल हे काका माणूस जिवंत असतानाच नजरेनं मापत. त्यामुळे रस्त्यात काका दिसले की गावातले म्हातारे जरा ताठ चालत. उगाच वाकलो तर याला वाटायचं, वेळ झाली!

अशा या काकांना एकच माणूस शिकवायला जायचा. तो म्हणजे त्यांचा आयरिश भावोजी, डर्मट. काकांची धाकटी बहीण बेर्था नर्स म्हणून आयर्लंडला गेली आणि येताना हा सव्वासहा फुटी नवरा घेऊन आली. रिटायर झाल्यावर दोघं उत्तनला येऊन काकांच्याच घरात राहिली. सात वर्षांपूर्वी बेर्था गेली. सगळ्यांना वाटलं, आता डर्मट परत जाणार. तो म्हणाला, "बायको इथं आणि मी तिकडं? कसं चालंल?" आणि राहिला. एकोणीस वर्षांत काकांच्या घरातल्या एकूण एक चौकटीला त्याचं कपाळ लागून झालं होतं. मराठी तो मासळीबाजारात शिकला होता. त्यामुळे साधं 'नमस्कार' जरी म्हणाला तरी भांडतोय असं वाटायचं.

संध्याकाळी ओट्यावर चहा व्हायचा. कपामागून कप! आणि डर्मट आपल्या डोंगरातल्या गावच्या मातीच्या रीती सांगायचा. माणूस गेला की खिडकी उघडायची, आत्म्याला वाट पाहिजे. दोन तासांनी लावायची, नाहीतर तो परत येतो. घड्याळ बंद करायचं. आरसा झाकायचा. मढ्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. आणि सिमेट्रीत न्यायचं ते सगळ्यात लांबच्या रस्त्यानं, कारण आता त्या माणसाला कसली घाई?

काका एखाद्या आचाऱ्यानं दुसऱ्या आचाऱ्याची पाककृती ऐकावी तसे कान देऊन ऐकत.

"आनि आता मेन गोष्ट आयक," एकदा डर्मट म्हणाला. "सिमेट्रीत जो शेवटी पुरला जातो, त्यानं बाकीच्या सगल्या आत्म्यांना पानी भरायचं. पुढचा मानूस येईपर्यंत ड्यूटी त्याची! म्हनून एका दिवशी दोन माती असल्या, की आमच्याकडं पेट्या घेऊन धावतात."

"धावतात? मातीला?"

"धावतात! माझ्या आजोबाच्या टायमाला तर फाटकात गर्दी झाली म्हनून एक पेटी भिंतीवरून आत टाकली!"

काकांनी छातीवर क्रूस काढला. मग डर्मट एकदम गंभीर झाला. त्यानं काकांचा हात धरला.

"ह्युबर्ट, बेर्था सात वर्सं वाट बघते. मला डायरेक्ट तिच्याकडं जायचंय. तिच्या नाकासमोरून बादली घेऊन फिरायला लावू नको. दोन माती असल्या तर माझी पेटी पहिली आत. आनि रस्ता लांबचाच! प्रॉमिस?"

"वचन!" काका म्हणाले. वचन द्यायला काय जातं? उत्तनमध्ये एका दिवशी दोन माती होतात कधी?

त्या शनिवारी झाल्या!

पहाटे सहा वाजता डर्मट अर्धा कप चहा पिऊन खुर्चीतच गेला. एक्क्याऐंशी वर्षांचा होता, चेहऱ्यावर चहा बरा झाल्याचं समाधान होतं. काका पंधरा मिनिटं लहान पोरासारखे रडले. मग टॉवेलनं नाक पुसून कामाला लागले. खिडकी उघडली. घड्याळातला सेल काढला. आरशावर चादर टाकली.

"अवो, ती माजी नवीन चादर हाय!" व्हेराकाकू ओरडल्या. व्हेराकाकू म्हणजे काकांची बायको. गावात कुठंही रोझरीची प्रार्थना असली की पुढं म्हणायला त्याच.

"आयरिश रीत हाय."

"आयरिश रीतीला जुनी चादर चालत न्हाय काय?"

एवढ्यात देवळाची घंटा वाजायला लागली. एक टोल, मग थांबून दुसरा. मेलेल्या माणसाची घंटा.

"फादरना मी अजून सांगितलं पण न्हाय," काका चक्रावले. "मंग ही कोणाची?"

व्हेराकाकू खाली जाऊन आल्या. "कार्मेलमावशी गेली. पहाटे पाचला. ब्याण्णव वर्सांची झाली होती बिचारी."

काका मटकन खुर्चीत बसले. "आजच?"

"मंग काय तुमाला इचारून जायला पायजे होती?"

मेलेल्या माणसाला पाणी भरायला लागतं की नाही, याचा काकांनी जन्मात विचार केला नव्हता. पण डर्मटचा हात त्यांच्या हातात होता, ते त्यांना आठवलं. ते तसेच बनियनवर शर्ट चढवत फादरांकडे धावले.

फादर वहीत वेळा मांडत बसले होते. "कार्मेलमावशी चार वाजता, डर्मट पाच वाजता."

"फादर, डर्मटला आधी घ्या. चारला."

"का?"

खरं सांगितलं असतं तर फादरांनी अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं असतं. काका म्हणाले, "तो थंड देशातला मानूस हाय फादर. त्याला ऊन सोसत न्हाय."

"ह्युबर्ट, आता त्याला ऊन काय आणि सावली काय? आणि चारपेक्षा पाचला ऊन कमीच असतं!"

काकांनी नुसते हात जोडले. फादरांना दया आली. "बरं, असं करू. दोघांसाठी देवळात मिस्सा एकत्रच. चार वाजता. मग दोन्ही पेट्या बरोबरच सिमेट्रीत नेऊ. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. झालं समाधान?"

समाधान कसलं! शर्यतीत दोघांना एका रेघेवर उभं करावं, तसं फादरांनी करून ठेवलं होतं!

आता हिशोब बघा. देवळापासून सिमेट्री गल्लीतून तीनशे पावलं. कार्मेलमावशीला त्या गल्लीनंच नेणार. डर्मटला मात्र लांबचा रस्ता पाहिजे. म्हणजे नाक्यावरून, किनाऱ्याच्या रस्त्यानं वळसा घालून, तीन किलोमीटर. तीन किलोमीटर जायचं आणि तीनशे पावलंवाल्यांच्या आधी पोचायचं! दुसरा कोणी असता तर त्यानं वचन तिथंच सोडलं असतं. काकांनी पुंडलिकला फोन लावला.

पुंडलिक काशीगावचा. रोज सकाळी बोटींसाठी बर्फाचा टेम्पो घेऊन उत्तनला यायचा.

"काका, टेम्पो देतो. पन बर्फाचा हाय. वास येल."

"डर्मटला मासळीचा वास आवडायचा. टेम्पो पळतो ना?"

"बर्फ वितळायच्या आत पोचतो म्हंजे पळतोच ना!"

काकांनी मनात गणित केलं. खांद्यावरची पेटी रोझरी म्हणत म्हणत चालते. वीस मिनिटं तरी लागणार. टेम्पोला दहा. वर दहा मिनिटं उरतात, त्यात फाटकाजवळ उभं राहून घाम पुसता येईल. फादरांना ते म्हणाले, "आमाला लांबनं जावं लागंल, त्याच्या गावची रीत हाय." फादर म्हणाले, "जा बापडे. आम्ही फाटकाशी तुमची वाट बघू." काका गालात हसले. कोण कोणाची वाट बघतं ते कळंलच!

मिस्सा संपली. डर्मटची पेटी दाराशी ठेवलेली, त्यामुळे पहिली बाहेर पडली. पण पेटी सात फुटी आणि टेम्पो सहा फुटी! पायाकडचा एक फूट मागं बाहेर आला. पुंडलिकनं सवयीनं फळीला दोरी बांधली आणि बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं लावलं.

"अरे, सळया हायत काय त्या?" काका ओरडले.

"काका, पोलीस पकडतो!"

काका पुढं पुंडलिकशेजारी बसले. मागं पेटीजवळ सहा खांदेकरी आणि केली नावाची काकांची मुलगी. केलीच्या हातात मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये डर्मटची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची नोरा. ती तिकडं आयर्लंडमध्ये चहाचा कप घेऊन भावाची माती बघत होती.

टेम्पो सुटला. नाका मागं पडला. किनाऱ्याच्या रस्त्याला लागला, आणि थांबला.

शनिवार! संध्याकाळी पाचची वेळ! सगळी मुंबई समुद्र बघायला आली होती. गाड्यांच्या मागं गाड्या, वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या एकाला एक चिकटून. मातीच्या नादात शनिवार काकांच्या डोक्यातूनच गेला होता. पुंडलिकनं हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही.

पुढच्या गाडीतून काळा चष्मा लावलेला एक माणूस उतरला. "अंकल, हॉर्न क्यों बजा रहे हो? सबको जाना है!"

"सबको जाना है, मालूम है!" काका खिडकीतून अर्धे बाहेर आले. "लेकिन इसको पहले जाना है!"

त्या माणसानं मागं डोकावून बघितलं. लाल फडकं बघितलं, पेटी बघितली, सहा खांदेकरी बघितले. त्यानं चष्मा काढला, हात जोडले आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको उतरली, तिनंही हात जोडले. मागची गाडी थांबली, पुढची थांबली. पाणीपुरीवाला हात पुसून उभा राहिला. मघाशी गाड्या निदान मुंगीच्या पावलानं तरी सरकत होत्या. आता अख्खा रस्ता आदरानं जागच्या जागी खिळला!

"चलो ना!" काका रडकुंडीला आले. "रिस्पेक्ट चलते चलते करो!"

त्यांनी घाईघाईनं व्हेराकाकूंना फोन लावला. काकू कार्मेलमावशीच्या पेटीबरोबर रोझरी सांगत चालल्या होत्या.

"कुठं पोचलात?"

"निम्मी गल्ली झाली. काय झालं?" काकू कुजबुजल्या.

"थांबव त्यांना! रोझरी परत पयल्यापासून सुरू कर!"

"येड लागलं काय तुमाला?"

"व्हेरा, डर्मटला पाणी भरायला लागंल!"

काकूंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट आला. पण नवऱ्याच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी रोझरी परत पहिल्या मण्यापासून धरली. फोन मात्र बंद करायला विसरल्या, आणि काकांना सगळं ऐकू येत राहिलं.

"काकू, हे तर झालं ना मघाशी?" हा आवाज कार्मेलमावशीच्या मुलाचा, बस्त्यावचा. बस्त्याव साठीचा होता, पण आईच्या बाबतीत अजून सहा वर्षांचा.

"झालं तर झालं. परत म्हटलं तर पाप लागतं काय?"

"काकू, खरं सांगा. काय लपवताव तुमी?"

हातात रोझरी असताना व्हेराकाकू आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. डर्मटची रीत, शेवटी पुरलेला, पाणी, ड्यूटी, टेम्पो!

 मग बस्त्यावचा असा आवाज फुटला, की काकांनी मोबाईल कानापासून लांब धरला.

"माज्या आयनं जलमभर पाणी भरलं! विहिरीवरनं भरलं, टँकरवर भांडून भरलं, रातच्या दोनला नळाला रांग लावून भरलं! आता कुठं घरात नळ आला, तर वर जाऊन परत बादली? न्हाय! उचला रे! पळा!"

आणि पळाले! कार्मेलमावशी म्हणजे सुक्या बोंबलाएवढी, पेटीला वजन ते काय? रोझरीही पळायला लागली. 'नमो मरिये' सुरू होतंय न होतंय तोच 'आमेन' यायचं. मधली प्रार्थना बहुतेक देवानंच समजून घ्यायची होती. लांब कुठंतरी मागून फादर ओरडत होते, "अरे हळू! अरे ही माती आहे की मॅरेथॉन?"

"पुंडलिक!" काका किंचाळले. "ते पळतायत!"

पुंडलिकनं काय केलं ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. अर्धा टेम्पो कच्च्या कडेवर चढला, एक नारळाचा ढीग कोसळला, सहा खांदेकरी एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले, आणि टेम्पो वाळवायला टाकलेल्या जाळ्यांना चाटून पलीकडं निघाला. काळ्या चष्म्याचा माणूस मागून धावत होता. "अंकल, हमारा रिस्पेक्ट हो गया! आप निकलो!"

सिमेट्रीचं फाटक दिसलं. आणि गल्लीतून धुरळा!

"उतरवा! पाय पुढं!" काका गरजले. टेम्पो थांबायच्या आत पेटी खाली. इकडून डर्मट, तिकडून कार्मेलमावशी. फाटक एका पेटीपुरतं. दोन्ही पेट्या एकदम घुसल्या आणि मधोमध अडकल्या! बाराजण खांद्याला खांदा घासत उभे. कोणाला पुढं जाता येईना, कोणाला मागं.

"आमी पयले!" काका ओरडले. "बघ, आमचे पाय आत!"

"पायाला काय इचारता!" बस्त्याव खवळला. "आयची सगली पेटी आत येत आली! तुमच्या मानसाचं डोकं अजून रस्त्यावर हाय!"

"तुजी आय साडेचार फूट! पयला पाय कोणाचा ते बघ!"

"माज्या आयची उंची काढायची न्हाय, सांगून ठेवतो!"

तेवढ्यात फादर पोचले. कॅसॉकचा झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत वर धरलेला, चष्मा एका कानावर. "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" ते धापा टाकत म्हणाले. "कोण सांगतं असलं?"

सगळ्यांनी एकदम केलीच्या मोबाईलकडे बोट दाखवलं. मोबाईलमध्ये नोरा चहाचा कप हातात धरून थिजल्यासारखी बसली होती. टेम्पोत बसल्यापासूनचं तिनं सगळं बघितलं होतं. लाल फडकं, पाणीपुरीवाला, सगळं!

केलीनं तिला इंग्रजीत विचारलं.  फादरसुद्धा मान पुढं काढून ऐकत होते. नोरानं कप खाली ठेवला. डोळे पुसले. मग बराच वेळ काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" बारा खांदेकऱ्यांनी एकदम विचारलं.

"म्हणते, आमच्या गावात पाय आत म्हंजे माणूस आत," केली म्हणाली.  "आणि म्हणते, शाळेत डर्मट पळायच्या शर्यतीत कायम शेवटचा यायचा. आज पहिल्यांदा जिंकला."

काका तिथंच, पेटीवर डोकं टेकून, दुसऱ्यांदा लहान पोरासारखे रडले. बस्त्यावनं दोन मिनिटं दात खाल्ले. पण मोबाईलमधली ती म्हातारी रडत होती, तिच्यापुढं काय बोलणार? त्यानं आपली पेटी एक पाऊल मागं घेतली. डर्मट आत गेला, बेर्थाच्या शेजारी. मग कार्मेलमावशी. फादरांनी दोघांवर सारखंच पाणी शिंपडलं, आणि पुढच्या रविवारी कशावर प्रवचन होणार हे सगळ्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

माती झाली. लोक पांगायला लागले. काका छाती काढून फाटकाशी उभे. तीन किलोमीटर लांबून आणि तरी पहिला! असं कोणी करून दाखवलंय उत्तनमध्ये?

बस्त्याव त्यांच्याजवळ आला. आता तो शांत होता.

"काका, एक इचारू? आयची ड्यूटी कुठपर्यंत?"

"पुढचा मानूस येईपर्यंत," काका मोठ्या मनानं म्हणाले. "कोणी आला की तुजी आय मोकली."

"म्हंजे गावातला कोणीपण?"

"कोणीपण."

बस्त्यावनं परतणाऱ्या म्हाताऱ्यांवरून नजर फिरवली. हा सत्तरचा, पण रोज पोहतो. ती पंच्याहत्तरची, पण अजून टोपली डोक्यावर घेते. नजर फिरत फिरत आली आणि येऊन थांबली ती ह्युबर्टकाकांवर. वय अठ्ठ्याहत्तर. शर्यतीनं चेहरा लाल. श्वास लागलेला.

"काका," बस्त्याव एकदम मायेनं म्हणाला, "तुमी कसे हाव?"

त्या दिवसापासून बस्त्याव रोज सकाळी सातला काकांच्या ओट्यावर येतो. रविवारीसुद्धा. "काका, रातची झोप लागली? छातीत काय वाटत तर न्हाय ना?" काका म्हणतात, "एकदम ठणठणीत!" मग बस्त्यावचा चेहरा असा पडतो, की काकांनाच अपराध्यासारखं वाटतं. परवा तर तो डुकराच्या मांसाचा चरबी तरंगणारा डबा घेऊन आला. म्हणाला, "आयची आठवण म्हणून. सगला खावा."

गेल्या रविवारी मिस्सा चालू असताना काकांना ठसका लागला. पुढच्या तीन बाकांवर बसलेलं बस्त्यावचं अख्खं खानदान, म्हातारी-कोतारी, सुना, नातवंडं, एकदम आशेनं वळून बघायला लागलं!

काकांनी ठसका गिळला आणि घट्ट तोंड मिटून बसले. शेजारून व्हेराकाकू हळूच म्हणाल्या, "खोका, खोका. तेवढंच त्यांना बरं वाटंल!"